शेवटच्या चढाईचा संदर्भ

मला ऑनलाइन ज्ञानकोशातून सात दिवसांसाठी हाकलून दिलं तेव्हा मी साठी ओलांडलेली होती आणि डोंबिवलीतल्या एका शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालेले होते. आरोप असा, की मी पढवलेली माणसं उभी करून स्वतःच्या बाजूने मतं गोळा केली. आरोप खरा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नाहीतर आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना चहा यायच्या आत माझा नवरा सांगतोच.

सुरुवात अगदी सभ्यपणे झालेली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी आमच्या वाचनालयात एक तरुण मुलगी मराठीतल्या मुक्त ज्ञानकोशात लिहायचं कसं ते शिकवायला आली होती. कुणीही लेख लिहावा, कुणीही दुसऱ्याचा लेख सुधारावा, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद ‘इतिहास’ नावाच्या पानावर कायमची राहते, हे तिने सांगितलं आणि मी जागेवर प्रेमात पडले. जन्मभर मुलांनी पुस्तकांच्या समासात पेनाने काय काय लिहिलेलं खोडत बसले, इथे तर खोडण्याचा मान होता.

पहिले तीन-चार महिने मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. ठाण्याच्या तलावांचे, कल्याणच्या खाडीचे, वेलींचे, पक्ष्यांचे लेख. कुणाला माझा त्रास नव्हता. मग एके दिवशी मी अक्काचं पान लिहायला घेतलं.

अक्का म्हणजे कोण ते सांगायला हवं. कॉलेजात असताना मी विठ्ठलवाडीच्या मुलींच्या कबड्डी संघात होते. संघात होते म्हणजे बाकावर होते. तीन वर्षांत मैदानात उतरले ती एकूण दोनदा, त्यातलं एकदा चुन्याची रेघ पुसली गेली म्हणून परत मारायला. संघाची सगळी मदार अक्कावर. ती आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, उंच, हडकुळी, आणि चढाईला निघाली की समोरच्या सात जणी आपोआप अर्धं पाऊल मागे सरकायच्या. पुढे ती राज्याच्या संघातून खेळली. मी तिची चाहती होते हे म्हणणं कमी पडेल. तिचं घड्याळ सामना संपेपर्यंत माझ्या मनगटावर असायचं आणि वेळ मात्र मी त्या घड्याळावर नाही, तर छातीच्या ठोक्यांवर मोजायचे.

तर मी लेख लिहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘कबड्डीच्या आकाशात कडाडलेली वीज.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वीज गेलेली. ज्ञानकोशात प्रचालक म्हणून काही जण असतात. पगार नाही, पण अधिकार भरपूर. भांडणं सोडवायची, पानांना कुलूप लावायचं, माणसांवर बंदी घालायची. अशाच एका प्रचालकाने लेखाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं होतं, ‘लेख चाहत्याच्या नजरेतून लिहिल्यासारखा वाटतो. कृपया “वीज” या विधानाला संदर्भ द्यावा.’

विजेला संदर्भ! मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. नवरा म्हणाला, “बरोबर आहे त्याचं. शाळेत मुलांनी असं लिहिलं तर तूच लाल शाई मारायचीस.”

ते खरं होतं म्हणून मी जास्तच चिडले. पण ऐकलं. जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धांची एक जुनी स्मरणिका माझ्याकडे होती, तिचा संदर्भ देऊन लेख सरळ केला. फक्त एक परिच्छेद मनाजोगता ठेवला. आमच्या संघाचा सर्वांत मोठा विजय, बाळकुमच्या मुलींविरुद्धचा अंतिम सामना. कल्याणातल्या एका शाळेच्या मैदानावर, रविवारी दुपारी. शेवटची चढाई उरलेली, आम्ही एका गुणाने मागे. अक्का गेली. बाळकुमच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला, दुसरी कमरेला लोंबकळली, तरी अक्का दोघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली आणि बोटं पलीकडे टेकवली. दोन गुण. एका गुणाने सामना आमचा. मी लिहिलं, ‘दोन प्रतिस्पर्ध्यांना खेचत, अखंड दमात तिने मध्यरेषा गाठली.’

दम म्हणजे चढाई करणारीने एका श्वासात तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं. तो तुटला की ती बाद. हे मी ज्ञानकोशातही समजावून लिहिलं होतं. तीच चूक झाली.

आठवड्याभरात माझ्या वाक्यापुढे कुणीतरी एक वाक्य जोडलं, ‘मात्र चढाई करणारीचा दम रेषेच्या बराच आधी सुटला होता व पंचांचा निर्णय चुकीचा होता.’ लिहिणाऱ्याने खातं उघडलेलं नव्हतं. अशा वेळी नावाच्या जागी नुसती आकड्यांची माळ दिसते. मी ते वाक्य उडवलं. दुपारी ते परत आलं. मी उडवलं. संध्याकाळी परत.

मी सौम्य मार्ग म्हणून वाक्य ठेवलं, फक्त सुरुवात बदलली, ‘काही मत्सरी लोकांच्या मते.’

प्रचालकाने लिहिलं, ‘कृपया “मत्सरी”ला संदर्भ द्यावा.’

आकडेवाल्याने पुन्हा लिहिलं. या वेळी ‘हे तेव्हा मैदानावर असलेल्या सर्वांना माहीत आहे’ अशी जोड देऊन. आता मैदानावर तर मी होते! दहा हातांवर, बाकावर! माझ्या कानांनी मी ती कबड्डी ऐकलेली, रेषेपर्यंत, एकदाही न तुटता. मी चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘प्रस्तुत लेखिका स्वतः उपस्थित होती.’ उत्तर आलं, ‘आम्ही पण होतो. आमचे कान साफ होते.’

यानंतर मी जे केलं ते एका ग्रंथपालाला शोभणारं नव्हतं. बाळकुम गावावरचा लेख उघडला. त्यात क्रीडा नावाचा एक छोटा परिच्छेद होता, ‘येथील महिला संघाच्या पकडी अभेद्य मानल्या जात.’ ‘मानल्या जात’च्या पुढे मी खूण टाकली, ‘कोण मानतात?’ आणि कुणी उत्तर देईना तेव्हा ‘अभेद्य’चं ‘बऱ्या’ केलं. येथील महिला संघाच्या पकडी बऱ्या मानल्या जात. फार समाधान वाटलं. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून भात करपला.

सूड उगवायला समोरच्याने दोन दिवस घेतले. विठ्ठलवाडीच्या लेखात पहिलंच वाक्य होतं की विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधलं स्थानक आहे. त्याला शेपूट जोडलं गेलं, ‘म्हणजे धड इकडचे ना तिकडचे.’

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. मला वाटलं तो खवळेल, त्याचं बालपण तिथलंच. तो इतका हसला की त्याचा चष्मा पोह्यांत पडला. “हा माणूस मला आवडला,” म्हणाला.

“माणूस कशावरून?”

“मग बाई म्हण. पण हुशार आहे.”

घरातच फितुरी झाल्यावर मी बाहेरून कुमक मागवली. आमच्या सकाळच्या योगवर्गातल्या तिघी मैत्रिणींना मी घरी बोलावलं, शिरा केला, आणि प्रत्येकीच्या मोबाईलवर ज्ञानकोशाचं खातं उघडून दिलं. काय लिहायचं तेही कागदावर लिहून दिलं. त्यांनी घरी जाऊन चर्चेच्या पानावर नोंदवायचं, ‘मी सदर लेखिकेच्या मताशी पूर्णतः सहमत आहे. दम अखंड होता.’ एकीने इमानदारीत तसंच उतरवलं. दुसरीनेही. तिसरी घाईत होती, तिला एकाच वेळी योगवर्गाच्या ग्रुपवरही निरोप टाकायचा होता. ज्ञानकोशाच्या पानावर तिचं मत असं उमटलं, ‘मी सदर लेखिकेच्या मताशी पूर्णतः सहमत आहे. दम अखंड होता. उद्या वर्ग सहाऐवजी साडेसहाला, चटया आपापल्या आणाव्यात.’

पुढे काय झालं ते सांगितलंच आहे. सात दिवस बंदी. अक्काच्या पानाला कुलूप. ‘कळसूत्री खात्यांचा वापर’ असा शेरा माझ्या नावापुढे कायमचा. ज्या बाईने तीस वर्षं पुस्तक उशिरा आणणाऱ्या पोरांना व्हरांड्यात उभं केलं, तिला आता उभं केलेलं. खरं सांगते, पहिले दोन दिवस मला फार लागलं. नवऱ्यासमोर हसत होते, पण मोबाईल हातात घ्यायला नको वाटायचं.

तिसऱ्या दिवशी प्रचालकाने माझ्या पानावर निरोप ठेवला. नेहमीचा कोरडा स्वर होता, पण त्यात कुठेतरी कीव असावी. ‘दोन्ही बाजूंनी आठवणी सांगितल्या जात आहेत. आठवण म्हणजे संदर्भ नव्हे. त्या काळच्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक ठाण्यातील एका जुन्या वाचनालयात बांधून ठेवलेले आहेत. कृपया तेथे पाहावे. हाच निरोप दुसऱ्या बाजूलाही देत आहे.’

शेवटचं वाक्य मी नीट वाचलं नाही. वाचलं असतं तर निदान बरी साडी नेसून गेले असते.

त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांब टेबल आणि त्यावर कुरकुरणारे दोन पंखे आहेत. मी चिठ्ठीवर वर्ष आणि महिना लिहून दिला. तिथला गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाला, “आज काय आहे या फाइलीत? वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, आणि आता त्या बाई अर्ध्या तासापासून घेऊन बसल्यात.”

टेबलाच्या टोकाला तिशीतली एक मुलगी बसलेली. जीन्स, कुर्ता, नाकाला रुमाल. जुन्या कागदांच्या धुळीने शिंकत होती. मी जाऊन समोर उभी राहिले.

“बाळकुम?” मी विचारलं.

तिने वर बघितलं, रुमाल खाली घेतला. “विठ्ठलवाडी?”

मी मान हलवली. ती ताडकन उठली, मला वाटलं आता भांडते की काय, तर वाकून नमस्कारच करायला लागली. “सॉरी हां काकू. मला वाटलेलं ते ‘लेखिका’ वगैरे थाप आहे, तुम्ही कोणी कॉलेजचा पोरगा असाल.”

“आणि मला वाटलेलं तू टक्कल पडलेला बाप्या असशील.”

मग कळलं ते असं. तिला कबड्डीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. ती मूळची सोलापूरची, लग्न होऊन बाळकुमला आलेली, घरून कॉम्प्युटरवर काम करणारी. बाळकुम संघाची डाव्या कोपऱ्यातली ती मुलगी, जिने अक्काचा घोटा धरलेला, ती हिची सासू. “आई बाजूला खुर्ची टाकून बसतात,” ती म्हणाली, “त्या सांगतात, मी टाइप करते. जेवण झालं की रोज विचारतात, तिनं पुसलं का? पुसलं म्हटलं की मग त्यांचं बीपी वाढतं. आणि आमच्या घरात ना काकू, त्या सामन्याची गोष्ट मी लग्नाआधी ऐकलीय. बघायला आलेले तेव्हा.”

“आणि ते धड इकडचे ना तिकडचे?”

ती लाजली. “ते माझं स्वतःचं.”

आम्ही दोघींनी मिळून फाइल चाळली. बातमी सापडली. मथळ्यात आमच्या संघाचं नाव. खाली लिहिलेलं की विठ्ठलवाडीच्या संघाने बाळकुमच्या संघावर एका गुणाने मात केली, सामना चुरशीचा झाला. बस. त्यापुढे अकरा ओळी बक्षीस समारंभाला कोण कोण मान्यवर उपस्थित होते, कुणी नारळ वाढवला, कुणी आभार मानले. फोटो होता, त्यात एक पाहुणा करंडक स्वतःच घेऊन उभा होता आणि त्याच्या कोपराच्या मागे अक्काचा अर्धा कान दिसत होता.

सूनबाई हसायला लागली. मग मीही. तो गृहस्थ लांबून “शूऽऽ” म्हणाला. मला कुणी शू केलेलं आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

खाली येऊन कॉफी घेताना ती म्हणाली, “काकू, घरी चला ना. आई तुम्हाला बघतील तर गार पडतील. तुमच्यावर इतक्या चिडल्यात की तुम्ही कशा दिसता तेवढं तरी कळू दे त्यांना.”

मी गेले. का गेले ते नक्की सांगता येणार नाही. इतके दिवस ज्याच्याशी भांडतो त्याचं तोंड बघावंसं वाटतंच.

बाळकुमला जिथे त्यांची भातशेती होती तिथेच आता त्यांचा टॉवर उभा आहे, आणि त्याच्या चौदाव्या मजल्यावर सासूबाई राहतात. दार त्यांनीच उघडलं. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, कपाळाला मोठं कुंकू. सुनेने ओळख करून दिली. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं.

“विठ्ठलवारीची ना तू? बाकावर बसायचीस ती? दोन वेन्या घालून?”

चाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या वेण्या शत्रूने लक्षात ठेवलेल्या. मी विरघळले, पण दाखवलं नाही. “दम अखंड होता,” मी म्हटलं.

“काय अखंड? तुना काय दिसनार तिकरून? थांब, दाखवते.” आणि त्यांनी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला. सूनबाई ओरडली, “आई, गुडघा!” पण तोवर त्या खाली बसल्यासुद्धा होत्या. “चल, तू तिची चढाई कर. ये.”

मी, पिशवी खांद्याला, चप्पल दारात, दोन पावलं पुढे टाकली आणि तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या पावलाला माझा घोटा कशात तरी अडकला. ती पकड होती. सासूबाईंचे दोन्ही हात, घट्ट, जशी एखादी कडी बसावी. मी सोफ्यावर आडवी. बऱ्या मानल्या जात असं मी लिहिलं होतं त्या पकडीबद्दल. मनातल्या मनात मी ते वाक्य तिथेच मागे घेतलं.

“आता बोल, दम हाय?” त्या खालून विचारत होत्या.

नव्हता. हसून हसून माझा दम कधीच सुटला होता, आणि त्यांचाही. सूनबाईने दोघींना उठवलं. माशाची कढी आणि भात जेवायला घातला. जेवताना सासूबाई म्हणाल्या, “आपन दोघी कनाला भांडतो? जिचा दम, तिलाच इचारू.”

ही साधी गोष्ट मला दीड महिन्यात सुचली नव्हती. सुचली नव्हती असंही नाही. अक्का ठाकुर्लीला राहते हे मला ठाऊक होतं, दिवाळीला फोनही व्हायचा. पण तिच्याबद्दल मी लिहितेय हे तिला सांगायला मला संकोच वाटत होता. चाहत्याचं असंच असतं. देवाला विचारून कोण आरती करतं?

पुढच्या रविवारी सूनबाईने गाडी काढली, बाळकुमहून सासूबाईंना घेऊन आली, डोंबिवलीत मला घेतलं आणि आम्ही ठाकुर्लीला अक्काकडे गेलो. अक्काला मी फोनवर एवढंच सांगितलेलं, जुन्या ओळखीचं कुणी येतंय. ती आता आणखी हडकुळी झालीय, केस पांढरेशुभ्र आणि बारीक कापलेले. दारात सासूबाईंना बघितलं आणि एक क्षण थांबली. मग तिची नजर त्यांच्या हातांकडे गेली. “डावा कोपरा,” ती म्हणाली, आणि आपोआप अर्धं पाऊल मागे सरकली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. याला संदर्भ नाही.

फणसाचे गरे खाता खाता मी तिला सगळं सांगितलं. पान, वीज, आकड्यांची माळ, योगवर्ग, बंदी. ती ऐकत होती आणि आठळ्या एका वाटीत नीट रचत होती. शेवटी सासूबाईंना धीर धरवेना. “आता तू सांग. देवाशपथ सांग. दम व्हता का नव्हता?”

“दम?” अक्का म्हणाली. “दम कसला गं. तो तर रेषेच्या दोन हात आधीच संपलेला. तू घोटा असा पिळलास, आई गं, सगळी हवाच गेली माझी. मी नुसते ओठ हलवत होते.”

सासूबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. माझ्या कानात ती कबड्डी स्पष्ट होती, अजूनही आहे. “अक्का, मी ऐकलंय,” मी म्हटलं. “मी बाकावर होते. रेषेपर्यंत ऐकलंय मी.”

“ऐकणारच,” अक्का म्हणाली. “तूच म्हणत होतीस.”

“काय?”

“अगं, तुम्ही बाकावरच्या पोरी माझ्याबरोबर म्हणायच्यात ना, प्रत्येक चढाईला. तुझा आवाज सगळ्यांत मोठा. पंच आपल्या बाकाला पाठ करून उभा होता. त्याला मागून कबड्डी कबड्डी ऐकू येतंय, समोर माझे ओठ हलतायत. त्याने दिला गुण. तुला काय वाटलं, मी तुला दरवेळी बाकाच्या मध्यरेषेकडच्या टोकाला बसवायचे ते कशासाठी?”

मला वाटायचं, घड्याळासाठी.

मी हातातला गरा खाली ठेवला. दीड महिना मी ज्या आवाजासाठी भांडले, शिरा केला, बंदी ओढवून घेतली, तो आवाज माझा होता. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते दाबणं जमेना. तीन वर्षं बाकावर बसून मी एक अंतिम सामना जिंकून दिला होता!

सासूबाईंकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. चाळीस वर्षं त्या बरोबर होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा ओरडतील. त्या अक्काकडे बघत राहिल्या आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “घोटा नंतर पकरला मी.”

“म्हणजे?”

“आधी तुजी पँट पकरलेली. मागून. पंचाला दिसली नाय.”

कबड्डीत कपडा धरायचा नसतो. हे सुनेलासुद्धा आता माहीत होतं, ज्ञानकोशात वाचून. “आई!” ती किंचाळली. “हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत! मी त्या प्रचालकाला किती पानं लिहिलीत!”

“तू इचारलं नाय,” सासूबाई म्हणाल्या आणि फणसाच्या ताटाकडे हात नेला.

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि सासूबाईंनी तिच्या पाठीवर त्या रुंद हाताने चार थापा मारल्या. निघताना दोघी दारात किती तरी वेळ एकमेकींचे गुडघे दाखवत उभ्या होत्या. कुठली शस्त्रक्रिया, कुणाकडे, किती दिवस लागले चालायला.

माझी बंदी तोवर संपलेली. सूनबाईने आणि मी मिळून, पहिल्यांदाच एकत्र, चर्चेच्या पानावर कबुली लिहिली. खुद्द खेळाडूने मान्य केलं आहे की दम सुटला होता. खुद्द पकड करणारीने मान्य केलं आहे की कपडा धरला होता. आणि प्रस्तुत लेखिकेने मान्य केलं आहे की कबड्डी ती म्हणत होती. आम्हाला वाटलं, आता प्रचालकाचे डोळे भरून येतील.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘खेळाडूंचे तोंडी सांगणे हा पडताळण्याजोगा प्रकाशित संदर्भ नाही. क्षमस्व.’

म्हणून आज ज्ञानकोशात त्या सामन्याबद्दल एकच वाक्य आहे, साप्ताहिकाच्या संदर्भासह. विठ्ठलवाडीने एका गुणाने मात केली, सामना चुरशीचा झाला. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, “यात काही दम नाही.” मी त्याच्याशी दुपारभर बोलले नाही.

विठ्ठलवाडीचं शेपूट सूनबाईने स्वतः काढलं. बाळकुमच्या पकडींपुढचं ‘बऱ्या’ मी काढलं, पण ‘अभेद्य’ला संदर्भ नसल्यामुळे तेही परत घालता येईना. शेवटी वाक्यच गेलं. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी फर्मान काढलं की मग त्यांचं स्वतःचं पान हवं. सून लिहू शकत नाही, घरच्यांनी लिहायचं नसतं. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

मी अगदी नियमाने लिहिलं. जन्मगाव, संघ, खेळायची जागा, आणि स्मरणिकेत त्यांचं नाव ज्या दोन ठिकाणी आहे ते. एक विशेषण नाही. प्रचालकाने पहिल्यांदाच काहीही न खोडता लेख तपासला, आणि खाली लिहिलं, ‘तटस्थ. धन्यवाद.’ इतका मोठा मान मला शाळेच्या निरोप समारंभातही मिळाला नव्हता.

सूनबाईने तो लेख सासूबाईंना वाचून दाखवला आणि मला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“एवरंच?” पलीकडून सासूबाई म्हणाल्या. “चार वली? आनि तिच्या पानाला फोटो हाय, माज्या नाय. कोनी लिवलाय हा?”

“मी लिहिलाय,” मी म्हटलं.

“मंग बरोबर,” त्या म्हणाल्या. “विठ्ठलवारीची.”